गाठीवरचा बिब्बा

तुम्ही गाठीचं इचारलं, सांगते, पर मला सरळ सांगता येत न्हाई बाई, माहं सांगणं म्हंजे शेळी चरल्यावानी, ह्या झुडपाचं थोडं, त्या झुडपाचं थोडं. तुम्ही शाळेतल्या हाय, लिहिताना तुमचं तुम्ही सरळ करून घ्या. न्हाई केलं तरी चालंल.

माहं नाव गयाबाई. माहेर टेंभुर्णीचं, सासर हे हसनाबाद. वय कुनी लिहून ठेवलं न्हाई, आधार कार्डावर बासष्ट पडलंय, ते लिहिणाऱ्यानं माह्या तोंडाकडं बघून टाकलं. माहेरी आम्ही पाच भावंडं, मी तिसरी. दादा, म्हंजे माहा बाप, सालानं राहायचा दुसऱ्याच्या वावरात, आन् माय रोजानं. शाळेत मी दुसरीपर्यंत गेल्ते, मंग धाकट्याला कडेवर घ्यायला कुनी नव्हतं म्हनून शाळा सुटली. वाचायला मी लग्नानंतर शिकले, राहुलची पुस्तकं बघून बघून, आन् विहारात वंदनेचं पुस्तक असायचं त्याच्यावर बोट फिरवून फिरवून. आता पेपर हातात आला तं पयल्या पानापासून वाचते, जाहिराती बी सोडत न्हाई, आमचे हे म्हनत्यात, काय गं, परीक्षा हाय का तुही.

टेंभुर्णीचं घर अजून माह्या डोळ्यापुढं हाय. दोन खणाचं, पुढं सारवलेलं अंगण, अंगणात आमची माय कामावरून आली की पयले पाय धुवायची, मंग केस सोडायची, इतके लांब केस, त्याच्यात गवताचे कुसळं अडकलेले असायचे, ते मी बसून काढायची. ती डोळे मिटून बसायची, बोलायची न्हाई. दिवसभरात तिला कुनी हात लावून काही चांगलं केलं असंल तं तेवढंच. मी कुसळं मुद्दाम हळू काढायची, की हे लवकर सरू नये.

चौदा वर्साची असंल मी. एक दिवस मायनं मला न्हाणीत बोलावलं, न्हाणीत भरदिवसा बी अंधार, म्हनली गया, दिवा धर. मी दिवा धरला. तिच्या डाव्या अंगाला, छातीत, गाठ व्हती, बोराएवढी. माहा हात धरून तिनं मला लावून दाखवली. मंग बिब्बा घेतला, सुईला टोचला, दिव्याच्या जोतीवर धरला, त्याचं काळं तेल सुटायला लागलं तसं त्या गाठीवर गोल लावलं. मी इचारलं दुखतंय का माय, तं म्हनली न्हाई, दुखत न्हाई, दुखत न्हाई म्हंजे काही न्हाई. आन् तुह्या दादाला बोलू नको, कुनालाच बोलू नको. मी न्हाई बोलले. मायनं गप म्हनलं तं गप, तव्हा तसंच असायचं. पुढच्या साली माहं लग्न झालं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माय गेली. कशानं गेली म्हनून कुनी इचारलं तं सगळे सांगायचे, वाळून गेली. वाळून गेली म्हनायचे, बघा, जसं काही झाड व्हतं. मला एकटीला ठाऊक व्हतं. ते माह्या पोटात राह्यलं, इतकी वर्सं.

आता इकडचं सांगते. सासरी आले तव्हा आमचे हे जिनिंगवर कामाला व्हते, कापसाच्या मशिनीपाशी, तीस वर्सं त्या घडघडीत उभे राह्यले आन् दोन्ही कान तिथंच देऊन आले. मी कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर जायची. सीडचे प्लॉट म्हनत्यात त्याला आपल्याकडं. तुम्ही परभणीकडच्या, तुम्हाला ठाऊक असंल नसंल, त्याच्यात बायायचं काम म्हंजे क्रॉसिंग. दुपार कलली की सुरू करायचं. उद्या उमलणारी कळी आज ओळखायची, अंगठ्याचं नख वाढवलेलं असतं, त्या नखानं कळीची पाकळी आन् आतले पिवळे पराग साल काढल्यावानी काढून घ्यायचे, मधली नाजूक काडी तेवढी मोडू द्यायची न्हाई, मोडली की ते बोंड गेलं. मंग तिच्यावर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दव उडालं की नराचं फूल घेऊन त्याच लाल टोप्या हुडकत जायचं, टोपी काढायची, फूल त्या काडीवर फिरवायचं, दोरा बांधायचा, पुढची कळी. आता ह्याच्यात अवघड काय सांगू का, उद्याची कळी आन् परवाची कळी दिसायला सारखीच. डोळ्याला कळत न्हाई. बोटाला कळती. हे दोन बोटं, बघा, ह्यायनं मी तीस वर्सं कळ्या चाचपल्या. मला डोळे बांधून वावरात सोडा, मी सांगंन कोणती उद्याची.

लई चांगले दिवस व्हते ते. अठरा बाया आम्ही, एका टेम्पोत, येरवाळीच निघायचो, भाकरी आन् ठेचा फडक्यात. जिचं लेकरू अंगावर असंल तिची झोळी निंबाला बांधलेली. सुमन नावाची आमच्यात एक व्हती, हाय अजून, समोरच राहती, ती सगळ्यायच्या नवऱ्यायच्या नकला करायची, कोण कसं जेवायला मागतो, कोण कसं रुसतो, आन् शेवटी मालकाची नक्कल करायची तं नेमका मालक मागं उभा असायचा. हसून हसून काडी मोडायची हातातली. आन् झोळीतलं एक लेकरू रडलं की ज्यांच्या ज्यांच्या अंगावर दूध व्हतं त्या सगळ्यायचे ब्लाउज ओले व्हायचे. आपलं लेकरू झोपलेलं असायचं तरी. दुधाला काय ठाऊक कुणाचं लेकरू हाय ते. असो, ते पुढं येईल.

तं मागच्या साली, दसरा चार दिवसांवर आल्ता. मी इथंच, ह्या वसरीवर उडीद निवडत बसले व्हते. फोन माहा कुठं असतो, ब्लाउजात, डाव्या बाजूला, छोटा बटनाचा फोन, सगळ्या बाया तिथंच ठेवत्यात, हसू नका. सुनेचा फोन आला जालन्याहून, वर्षाचा, तो तिथं थरथरायला लागला, मी हात घातला, आन् फोनाच्या आधी बोटाला ते लागलं. हरभऱ्याचा घाटा असतो ना, तेवढं. फोन हातात घेतला, वर्षा तिकडून आत्याबाई, आत्याबाई करून राह्यली आन् मी बोलेच ना. ती म्हनली रेंज न्हाई वाटतं आन् ठेवून दिला. रेंज तं लई व्हती बाई. माहंच पानी झाल्तं.

मंग मी काय केलं, सांगायची लाज वाटती. मी फोन डावीकडून काढून उजवीकडं ठेवला. मला वाटलं फोन गरम व्हतो, त्याच्यानं झालं असंल. चार दिवस उजवीकडं ठेवला आन् रोज डावीकडं बोट लावून बघायची, कमी झालं का. बोट खोटं बोलत न्हाई. जिथं व्हतं तिथंच. आन् दुखत नव्हतं. तेच तं. दुखत नव्हतं म्हनून मला मायचं बोलणं आठवायचं, आन् मायचं बोलणं आठवलं की पुढचं बी आठवायचं.

दसऱ्याचा सण झाला, पुढच्या बाजारात मी झाडपाल्यावाल्याकडून बिब्बे आणले. हो. तेच केलं. आता तुम्ही म्हनाल, मावशी, पेपर वाचता, जाहिराती वाचता, आन् बिब्बा? काय सांगू, भ्यालेला माणूस शिकलेलं करत न्हाई, बघितलेलं करतो. न्हाणीचं दार लावून, सुई घेऊन, जसं मायनं केलं तसं बराबर केलं. दिवा धरायला कुनी नव्हतं तेवढंच कमी.

आन् बिब्बा उतला. काहीच्या अंगाला बिब्बा सोसत न्हाई, कातडी लाल व्हती, फोडं येत्यात, पानी सुटतं, त्याला आम्ही बिब्बा उतला म्हन्तो. दुसऱ्या दिवशी अशी आग, अशी खाज, की ब्लाउज अंगाला लागू देईना. त्याच्यावर उतारा खोबरं. मी खोबरं चावून चावून लावलं, तेल लावलं, खाल्लं बी. आमच्या ह्यायला ऐकू येत न्हाई पर नाक लई तेज, म्हनले राहुलच्या माय, घरात खोबऱ्याचा वास कशाचा गं, करंज्या करून राह्यली का, दिवाळीला तं टाईम हाय. मी म्हनलं डोक्याला लावलं. ते म्हनले मंग डोकं उकळलं का काय, लई घमघमतंय.

राहुल आमचा जुन्या जालन्यात राहतो, कापडाच्या दुकानात कामाला, तिथंच गल्लीत दोन खोल्या हायेत. मी म्हनलं दोन दिवस पोरापाशी जाऊन येते. खरं म्हंजे मला घरात बसवत नव्हतं. तिथं गेले आन् दुसऱ्या दिवशी माहे कपडे धुताना वर्षाला ब्लाउजावर डाग दिसले. ती मोरीतून तसाच ओला ब्लाउज घेऊन आली, माह्यापुढं धरला, आत्याबाई हे काय. मी म्हनलं घामोळ्या. ती म्हनली घामोळ्या असं पानी सोडत न्हाईत, दाखवा. मी म्हनलं चल, सासूची अब्रू काढती का. तं ती काय म्हनली, आत्याबाई, बाळंतपणात तुम्ही माहं सगळं केलं, तव्हा माही अब्रू कुठं व्हती? दाखवा गुमान. मंग दाखवलं. फोडं बघितले, मंग मीच तिचं बोट धरून गाठीवर ठेवलं. कुकरची शिट्टी झाली, ती उठून गॅस बंद करून आली आन् म्हनली, उद्या जायचं. मी म्हनलं राहुलला सांगू नको. ती म्हनली सांगणार. असं तोंडावर म्हनली. मला राग आला तिचा, आन् बरं बी वाटलं. दोन्ही येकदाच.

डॉक्टरीणबाई चांगल्या व्हत्या, आपल्याच भाषेत बोलायच्या. त्यायनं बघितलं आन् पयले बिब्ब्याचं इचारलं. वर्षानं सांगितलं. त्या रागावल्या, पर वरडल्या न्हाईत, म्हनल्या, मावशी, गाठ आतमध्ये हाय, तुम्ही भाजलं वरून. आता ह्या उघड्या कातडीवर मला मशीन दाबता येत न्हाई, सुई घालता येत न्हाई, आधी हे बरं होऊ द्या. तीन हप्ते. काही लावायचं न्हाई, हे मलम सोडून. मी म्हनलं डॉक्टरीणबाई, फोनानं झालं का. त्या म्हनल्या फोनानं न्हाई व्हत. मंग म्हनलं, ते तं न्हाई ना? त्या म्हनल्या, सगळ्याच गाठी वाईट नसत्यात, बऱ्याच साध्या असत्यात, पर तपासल्याबिगर मी सांगणार न्हाई आन् तुम्ही बी तुमच्या मनाला सांगू नका.

तीन हप्ते. माह्या हातानं मी ते वाढवून घेतले व्हते. बिब्बा लावला नसता तं त्या दिवशीच मशीन झालं असतं, आठ दिवसांत कळलं असतं. आता बसा.

परत आले हसनाबादला. वर्षानं गाडीत बसवताना सांगितलं, मामंजींना सांगा, न्हाई तं मी फोन करते. फोन करून उपयोग काय, त्यायला ऐकू येत न्हाई. कानाचं मशीन राहुलनं आणून दिल्तं, ते डब्यात, म्हनत्यात त्याच्यात भांडे कानात पडल्यावानी वाजत्यात. तं दुसऱ्या दिवशी सकाळी हे बाजेवर बसून दाढी करून राह्यले व्हते. मी जवळ गेले, हळू म्हनलं, माह्या छातीत गाठ हाय. ते म्हनले काय. मी परत म्हनलं. ते म्हनले, जोरात बोल की, तोंडात काय धरलं. आता आमच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी हाय, तुम्हाला ठाऊक हाय, ती चालू असली की इथं माणूस मेला तरी कळत न्हाई. गिरणी चालू व्हती. मी म्हनलं गिरणीच्या आवाजात कुनाला ऐकू जातंय, आन् छाती भरून घेतली आन् मोठ्यानं वरडले, माह्या छातीत गाठ हाय, डॉक्टरनं कॅन्सरचं तपासायला सांगितलं! आन् तेवढ्यात लाईट गेली.

लाईट गेली, गिरणी बंद. सगळी गल्ली चिडीचूप, आन् माहा आवाज त्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत. समोर सुमन भांडे घासून राह्यली व्हती, तिच्या हातातलं पातेलं तसंच. गिरणीपाशी पाच-सहा बाया दळणाला उभ्या. मला वाटलं जमीन फाटावी.

हे अर्ध्या दाढीचे बसले. एका गालाला फेस. मंग म्हनले, कवापासून? मी म्हनलं दसऱ्यापासून. म्हनले, आन् मला आता सांगती? मी म्हनलं सांगितलं तं ऐकू येतं का तुम्हाला! ते उठले, आत गेले. मला वाटलं रागावले. आत डबे वाजायला लागले. बाहेर आले तं कानात मशीन. फेस तसाच. म्हनले, आता बोल. हळू बोल. सगळं सांग.

त्या दिवसापासून तीन हप्ते ते मशीन त्यायनं काढलं न्हाई, फक्त झोपताना. चिमण्या वरडल्या तरी कावायचे, सुमननं भांडं आपटलं की शिव्या द्यायचे, म्हनायचे इतका कालवा हाय का या दुनियेत, मी आपला सुखी व्हतो. मी म्हनायची काढून ठेवा मंग. म्हनायचे, तू बोलावलं आन् मला ऐकू न्हाई आलं तं? चाळीसच्या वर वर्सं झाली लग्नाला, असं कधी बोलले नव्हते. त्यायला वाटत नसंल असं न्हाई, त्या मशिनीच्या घडघडीत बोलायची सवय मोडली असंल.

आन् गल्लीचं काय झालं ऐका. दुपारी सुमन आली. ठसक्यात बसली, म्हनली, काय गं गया, मला सांगायचं न्हाई आन् दवंडी दिली व्हय. मी रडायला लागले तशी म्हनली, रडू नको, रडायला तुह्यापाशी एकटीपाशीच हाय का काही, आन् उठून दार लोटून घेतलं आन् तिनं माहा हात धरून आपल्या काखेत ठेवला. तिथं बी गाठ. आठ वर्सं झाली म्हनली, दाखवली, चरबीची हाय म्हनले. आठ वर्सं! रोज समोरासमोर अंगण झाडतो आम्ही. मी म्हनलं मला काऊन न्हाई सांगितलं. ती म्हनली, तू तरी मला कधी इचारलं व्हतं का. दुसऱ्या दिवशी गिरणीवरची एक आली, तिच्या बहिणीचं झाल्तं, ऑपरेशन झालं, आता चांगली धुणं धुती म्हनली. एक आली ती नुस्ती बसली, काही बोलली न्हाई, वाटीभर शेंगदाण्याची चटणी ठेवून गेली. मला बाई वाटलं व्हतं लोक तोंड फिरवतील. तं रोज कुनी ना कुनी.

आन् मंग कुसुमवैनी आल्या. ह्या कोण म्हनाल, तं त्या ज्यांच्या प्लॉटवर आम्ही जायचो त्या घरच्या. गावातलं मोठं घर. आमच्या आळीत त्यायचं पाऊल कधी पडलं नव्हतं. त्यायचं सांगायचं तं मला मागं जावं लागंल.

माही दुसरी, संगीता, चार महिन्याची व्हती, झोळीत. त्याच टाईमाला कुसुमवैनी बाळंत झाल्या, पंधरा दिवसाची पोरगी, आन् वैनीला असा ताप चढला की भोकरदनला दवाखान्यात टाकलं. पोरगी घरी सासूपाशी. वरचं दूध पचंना, रडून रडून पोर निळी. तं ती म्हातारी सासू भर दुपारी पोरीला पदरात घेऊन प्लॉटवर आली. अठरा बाया कळ्या सोलून राह्यल्या. ती बांधावर उभी राहून एकेकीकडं बघायला लागली. तोंडाकडं न्हाई. माह्यापाशी आली, पोर माह्या मांडीवर ठेवली, आन् पाठ फिरवून उभी राह्यली. एक शब्द न्हाई. काय बोलणार, तिच्यानं मागवंना आन् माह्यानं न्हाई म्हनवंना. पोरीनं जे तोंड लावलं, बाई, डोळे उघडले तिनं. ह्याच डाव्या बाजूला. सहा दिवस ती म्हातारी दोन टाईम यायची आन् पाठ फिरवून उभी राहायची. आन् त्याच वावरात आम्हाला प्यायचं पानी मात्र ती वरूनच ओतायची, ओंजळीत. सातव्या दिवशी वैनी घरी आल्या तव्हा म्हातारी म्हनली, हे कुनापुढं काढू नको. माह्या पोटात अजून एक गपचूप गेलं.

तं त्या कुसुमवैनी, आता गुडघे धरून चालत्यात, काठी टेकत आल्या. मी उठायला लागले तं बस म्हनल्या आन् माह्या शेजारी बाजेवरच बसल्या. म्हनल्या, गया, पानी दे गं, लई चालून आले. मी तांब्या दिला, त्यायनं तोंड लावून घटाघटा पिला. मंग म्हनल्या, मी दवाखान्यातून आले तव्हा ज्योती टम्म भरलेली व्हती. सहा दिवस माय नसलेलं लेकरू असं ऱ्हातं का? मला तव्हाच कळलं व्हतं कुनाचं दूध हाय ते, त्या साली प्लॉटवर अंगावरचं लेकरू तुह्या एकटीचं. सासूला भ्याले, मंग सासू गेली, मंग लाज वाटायला लागली की आता इतक्या वर्सांनी काय बोलू. काल ऐकलं तं राहवलं न्हाई. ज्योतीला मी फोन करून सांगितलं.

मी म्हनलं वैनी, चहा टाकू का. त्या म्हनल्या टाक, साखर कमी. आमचे हे कानाला मशीन लावून बसलेले, सगळं ऐकत व्हते, डोळे पुसून मला म्हनले, हे बी मला सांगितलं नव्हतं. मी म्हनलं तव्हा मशीन नव्हतं ना.

असे ते दिवस गेले. सगळे बरे गेले असं न्हाई बरं का. कुनी नसलं की मन भोवऱ्यावानी. संगीताला कोण बघंल, तिचा नवरा तसा, ह्यायला भाकरी कोण देईल. तं मी ह्यायला भाकरी शिकवायला बसवलं. पयली भाकरी केली ती बघून सुमन म्हनली, हा भोकरदन तालुक्याचा नकाशा हाय का, आपलं गाव दाखवा ह्याच्यात. चौथ्या दिवशी जमली. जमली तशी मला रडू आलं. म्हनलं आता माही गरज न्हाई. माणसाचं मन बघा कसं हाय, शिकवायचं बी आपणच आन् शिकला तं रडायचं बी आपणच. हात कुठंतरी चालू ठेवावा म्हनून मी सुमनसंगं एका प्लॉटवर बी जाऊन आले, आता मिरचीचं क्रॉसिंग व्हतं, जाळीच्या शेडात, पोरी सगळ्या नव्या, कानात वायरी घालून, नकला करणारं कुनी न्हाई. मी आपलं बांधावर बसून बघितलं. कळी बघितली की बोटं शिवशिवायचे, आन् शिवशिवले की दुसरीकडंच जायचे. फोडं वाळून गेले व्हते, तिथं काळा डाग, आन् डागाखाली ती. जशीच्या तशी.

तीन हप्ते झाले, जालन्याला गेलो. हे बी आले, मशीन लावून. मशिनीत दाबून फोटो काढला, सुई घातली, सुईचं काही न्हाई, बिब्ब्यापुढं सुई काहीच न्हाई. आठ दिवसांनी रिपोर्ट. त्या आठ दिवसांत मी राहुलकडंच राह्यले, त्या गल्लीतल्या धान्याच्या दुकानापुढून रोज चालत जायची, कुठली ज्वारी चांगली बोटानं बघायची, घ्यायची काही न्हाई, दुकानदार म्हनायचा आजी रोज येता, घेता काहीच न्हाई. त्याला काय सांगू.

आठव्या दिवशी वर्षा एकटीच आत गेली, मी बाकड्यावर. ती बाहेर आली, माह्यापुढं उकिडवी बसली, म्हनली आत्याबाई, साधी गाठ हाय. ते न्हाई. मी म्हनलं परत इचार. ती म्हनली दोनदा इचारलं. मी म्हनलं लिहिलंय का तसं. तिनं कागद दिला, इंग्रजीतला, मला काय कळतं, तरी मी पयल्यापासून शेवटपर्यंत त्याच्यावर बोट फिरवलं. हे बाजूला बसलेले, त्यायनं नुस्ता माहा पिशवीवरचा हात धरला, दवाखान्यात, लोकांपुढं. आन् मला हसू यायचं सोडून असं रडू आलं की बाया गोळा झाल्या, त्यायला वाटलं हिला वाईट निघालं. वर्षा सगळ्यायला सांगून राह्यली, न्हाई हो, चांगलं निघालं, चांगलं निघालं. मी कशाला रडले ते तिला बी सांगितलं न्हाई. तुम्हाला सांगते. मला वाटलं, मी चौदा वर्साची असताना नुस्तं दादाला म्हनले असते. वाचली असती का ते न्हाई म्हनता येत, तव्हा कुठले दवाखाने, कुठले काय. पर माय एकटी तरी पडली नसती. तेवढंच.

आता ह्या मंगळवारी परत जायचंय. सहा महिन्यानं दाखवा म्हनल्या व्हत्या डॉक्टरीणबाई, वाढली का बघायला. तुम्ही इचारलं भीती गेली का, तं न्हाई गेली. सोमवारपासून मला जेवण जाणार न्हाई, मला ठाऊक हाय. पर आता ती भीती सगळ्या गल्लीला ठाऊक हाय, वाटून घेतल्यावानी झाली, माह्या वाट्याला थोडी येती. सुमन संगं येणार हाय, तिची बी दाखवायची म्हनून मी तिच्या मागं लागले, शिव्या देती पर येती. ज्योती पुण्याहून फोन करती, मावशी मंगळवारी मला कळवा. जे निघंल ते निघंल. बासष्ट म्हंजे काही कमी न्हाई, आन् आधार कार्डवाल्यानं दोन-चार त्याच्या पदरचे जादा टाकले असले तं तेवढे अजून शिल्लक.

अंधारून आलं, लिहिणं बंद करा आता, डोळे जातील. तुमची माय हाय ना परभणीला? एकटी असती म्हनल्या व्हत्या. मंग आज फोन केला की जेवली का, औषध घेतलं का, हे तं इचारताच, त्याच्या पुढचं बी इचारा. ती म्हनंल मला काय झालंय, तुहं बघ तू. तरी इचारा. दुसऱ्यांदा इचारा. आमच्या वयाच्या बाया पयल्यांदा खरं सांगत न्हाईत बाई, आम्हाला तशी सवयच न्हाई. सुखी ऱ्हावा, तुम्ही बी आन् ती बी.